अकरा किलो दोनशे ग्रॅम

भाच्याने ताणकाटा सोबतच आणला होता.
गोणी आकड्याला लटकली, काटा थरथरून थांबला.
"भंगारवाला बत्तीस देतोय. तुम्हाला तीसने.
मामाचं मन राहील."
मी घासाघीस केली नाही.
तीनशे छत्तीस रुपये मोजले
आणि तुर्भ्याच्या खडीच्या धुळीत, माझ्या गाळ्यात,
हिराजी मढवींची चाळीस वर्षं फरशीवर ओतली.

आधी निघाला शिकंजा, सुताराचा.
तोंडाशी पाइपाचा तुकडा टाक्याने जोडलेला,
तुकड्याला कापलेली खिडकी, कडा कानशीने मऊ.
स्प्रिंग दाबली की खिडकीतून बोटभर उजेड आत जातो,
तेवढ्यात दोन लॉकं उचलायची, नखाएवढी.
एक उडालं की दुपार गेली.
मढवी शिव्या द्यायचे नाहीत, गाळा झाडत मोजायचे:
बारा वॉल्व्ह, चोवीस लॉकं, सापडली तेवीस.
मग निघायची सायकलची तार,
टोकाला फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक.

वॉल्व्ह घासायची काठी.
लाकूड वल्ह्याचं, बापाच्या होडीतलं,
तळाला रबरी वाटी, पोराच्या खेळण्यातल्या बाणाची.
रवीसारखी दोन तळव्यांत फिरवायची,
मध्येच उचलून पाव फेरा पुढे.
आधी खरखर, मग सळसळ.
"आवाज गेला की हात काढ.
पुढं घासशील तर खड्डा."

आयटीआयत हे सगळं होतं की.
निळ्या डब्यात, मखमलीच्या खाचांत,
हात लावायला सरांची सही लागायची.
वर्गात मी एकटी मुलगी, मला तर दोन सह्या.

जाड काच, बंद पडलेल्या पतपेढीच्या दाराची.
"ढकला" अजून वाचता येतं, उलटं.
तिच्यावर पॉलिश पेपर, पेपरावर रिक्षाचं हेड पालथं,
आठाच्या आकड्यात सरकवत राहायचं
बाक जाईपर्यंत.

आणि सिरिंज, वीस मिलीची,
आकडे पुसलेले, ब्लेडने पुन्हा कोरलेले.
सीडीच्या डबीचं झाकण ग्रीसने चेंबरवर चिकटवायचं,
भोकातून रॉकेल सोडायचं, थेंब थेंब,
चारी चेंबरांत सारखंच मावतं का बघायचं.
मढवी चार भाऊ.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची वाटणी झाली
तेव्हा कुणी सिरिंज आणली नव्हती.

सगळ्यात शेवटी ती पट्टी.
स्प्रिंगच्या पोलादाची, हातभर, तीन जागी वाकवलेली,
टोकाला पितळेने डागलेला चमचा,
चमच्याला तीन दात.
मी ती रॉकरखाली घालून पाहिली,
गाईडच्या सीलवर, इंजेक्टरच्या खड्ड्यात,
डंपरच्या, टेम्पोच्या, बेलापूरच्या एका होडीच्या हेडात.
कुठेच बसेना.
वाटलं, असेल एखादं इंजिन
जे आता कुणी बनवतच नाही.
वेगळ्या खिळ्यावर टांगली,
खाली खडूने प्रश्नचिन्ह.

शेवटी तळवलीला गेले, पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून.
मोतीबिंदूचा काळा चष्मा, ओटीवर प्लास्टिकची खुर्ची.
त्यांनी एकेक वाक बोटाने चाचपला,
दात मोजले,
मग सदऱ्याच्या गळ्यातून पट्टी आत सोडली
आणि डोळे मिटले.
"पाठ खाजवाला गो. दुसरा का?"

मी पट्टी तिथेच ठेवून आले.
म्हणजे आता अकरा किलोला थोडी कमीच.

परवा डंपरचं हेड आलं, दोन गाईड गंजून बसलेले.
गोणीतला एकही ठोसा त्या मापाचा नाही.
ड्रायव्हर दारात उकिडवा,
दर दहा मिनिटांनी विचारतोय, झालं का ताई.
जुना एक्झॉस्ट वॉल्व्ह घेतला, शेजारच्या लेथवर
दांडा अर्धा मिलिमीटर उतरवला,
खांदा राखला, घणाचे चार ठोके.
निघाले.

ठोसा अजून टेबलावरच आहे, गरम होऊन निळा पडलेला.
त्याच्यासाठी खिळा ठोकायचा राहिलाय.